नमुना आणि परंपरा : नॉर्वेतील ‘बूनाद’ आणि घरी शिवणाऱ्या स्त्रियांची मते

१

एखाद्या बोलीचे व्याकरण लिहिले गेले म्हणजे त्या बोलीचे पुढे काय होते, हा प्रश्न भाषाभ्यासकाला परिचित आहे. व्याकरणकाराने जे केवळ वर्णन म्हणून नोंदविले, ते एकदोन पिढ्यांत नियम म्हणून वाचले जाऊ लागते. आणि ज्या बोलणाऱ्यांच्या तोंडून त्याने ते टिपून घेतले, त्यांचीच मुलेनातवंडे पुढे आपले बोलणे त्या पुस्तकाशी ताडून पाहू लागतात. हा अनुभव केवळ भाषेपुरता मर्यादित नाही. लोकपरंपरेतील वेशाचे नमुने छापून प्रसिद्ध झाले आणि घरी शिवणाऱ्या स्त्रिया त्यांवरून कपडे बेतू लागल्या, तेथे हीच प्रक्रिया सुई आणि कात्री यांच्या राज्यात घडलेली दिसते. प्रस्तुत लेखात नॉर्वे या देशातील ‘बूनाद’ नामक वेशाच्या उदाहरणाने तिचा विचार करावयाचा आहे. हे उदाहरण निवडण्याचे कारण असे की, तेथे वेशाची चळवळ व भाषेची चळवळ या एकाच घरात वाढल्या, आणि तरीही पुढे त्यांनी परस्परांहून अगदी भिन्न मार्ग धरले.

प्रथम शब्दाचा विचार करू. ‘बूनाद’ हा शब्द प्राचीन नॉर्स भाषेतील ‘बूनाद्र्’ या शब्दापासून आलेला असून ‘सरंजाम, साजसामान, वेशभूषा’ असे त्याचे अर्थ होत. त्याच्या मुळाशी ‘राहणे, सिद्ध करणे’ या अर्थाचा ‘बूआ’ हा धातू आहे. या धातूचे भारत-युरोपीय मूळ तेच, ज्यापासून संस्कृतातील ‘भू’ धातू आला. आणि ‘भवति’पासून प्राकृतातील ‘होइ’च्या द्वारे आपले ‘होणे’ही त्याच कुळातले आहे. शहरी नॉर्वेजियन बोलण्यात हा शब्द रूढ नव्हता. लोकवेशावर आधारलेल्या सणासुदीच्या पोशाखाचे नाव म्हणून तो विसाव्या शतकाच्या आरंभी प्रयत्नपूर्वक प्रचारात आणला गेला. म्हणजे वेशाबरोबर त्याचे नावही पुनरुज्जीवित करावे लागले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

२

१८१४ साली नॉर्वेचा डेन्मार्कशी असलेला कित्येक शतकांचा संबंध तुटला, त्याच वर्षी १७ मे रोजी देशाने आपली राज्यघटना स्वीकारली, आणि लगेच स्वीडनशी राजकीय संयोग पतकरावा लागला. तो संयोग १९०५ पर्यंत टिकला. मधल्या नव्वद वर्षांत, ‘आपले असे काय उरले आहे?’ हा प्रश्न सुशिक्षित वर्गाला सतावीत होता. लिहिण्याची भाषा डॅनिश होती. शहरातील रीतीभाती बाहेरून आलेल्या होत्या. तेव्हा दृष्टी साहजिकच डोंगरदऱ्यांतील शेतकऱ्यांकडे वळली. ईवार ओसेन या शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या अभ्यासकाने गावोगाव हिंडून बोली टिपल्या; १८४८ साली लोकभाषेचे व्याकरण व १८५० साली कोश प्रसिद्ध केला, आणि त्या आधारावर ‘लान्समोल’ ही लेखनभाषा घडविली. १८८५ साली नॉर्वेच्या संसदेने तिला जुन्या लेखनभाषेच्या बरोबरीचे स्थान दिले, व १९२९ पासून ती ‘न्यूनोर्स्क’ या नावाने ओळखली जाते. आडोल्फ टीडेमान या चित्रकाराने त्याच काळात दऱ्यादऱ्यांतील वेश रेखाटले, तर आइलर्ट सुंट याने घरगुती कारागिरीचे समाजशास्त्रीय निरीक्षण ग्रंथबद्ध केले.

परंतु ज्या वेळी वेशाची चित्रे निघत होती त्याच वेळी वेश स्वतः मात्र अंगावरून उतरत होता. गिरणीचे कापड स्वस्त झाले आणि शिवणयंत्र घरात आले. १८७०च्या दशकात कोपनहेगनहून निघणारे ‘नॉर्डिस्क मोन्स्टर-टिडेंडे’ हे नमुन्यांचे नियतकालिक स्कँडिनेव्हियातील घरांत शहरी फॅशनचे कागदी नमुने पोहोचवू लागले. लिहिण्याची भाषा जेथून आली होती, त्याच शहरातून आता बेतण्याची भाषाही येऊ लागली, असे म्हणावयास हरकत नाही. जुन्या पद्धतीत मुलगी आईजवळ किंवा घरोघर फिरून शिवणाऱ्या कारागिरांजवळ शिके. कापण्याचे माप तिच्या हातात असे, कागदावर नसे. नियतकालिकाच्या घडीच्या कागदाने हे शिक्षण अनावश्यक केले. सोय झाली यात संशय नाही. तथापि ज्या ज्ञानाला लेखी रूप नव्हते ते या लेखी ज्ञानापुढे अडाणी ठरू लागले.

३

अशा परिस्थितीत हुल्दा गारबोर्ग (१८६२–१९३४) या लेखिकेने १९०३ साली ‘नोर्स्क क्लेदेबूनाद’ ही पुस्तिका लिहिली. लान्समोलचे थोर लेखक आर्ने गारबोर्ग यांच्या त्या पत्नी. त्या भाषेत नाटके करणाऱ्या रंगभूमीच्या त्या संस्थापकांपैकी एक. लोकनृत्याच्या पुनरुज्जीवनातही त्यांचा पुढाकार. त्यांची भूमिका थोडक्यात अशी सांगता येईल : परदेशी फॅशनच्या मागे धावण्याऐवजी नॉर्वेतील स्त्रियांनी देशी लोकरीच्या, शक्य तर घरी विणलेल्या कापडाचा, अंगाला सोयीचा व जुन्या वेशावर आधारलेला पोशाख स्वतः शिवावा.

येथे ‘आधारलेला’ हा शब्द महत्त्वाचा आहे. जुना वेश जसाच्या तसा उभा करावा असा हुल्दाबाईंचा आग्रह नव्हता. एखाद्या दरीत चोळीवजा बिनबाह्यांची अंगी मिळाली, पण घागरा मिळाला नाही, तर घागरा नव्याने योजावा. टोपीवरील भरतकामाची वेल अंगीवर किंवा घागऱ्याच्या काठावर आणावी. रंग आजच्या डोळ्याला रुचेल असा घ्यावा : असे स्वातंत्र्य त्या काळच्या बूनादांत सर्रास घेतले गेलेले दिसते. ओसेनने निरनिराळ्या बोलींतील रूपांवरून एक सर्वसामान्य लेखनरूप सिद्ध केले, त्याच्याशी ही रीत पुष्कळच जुळते. दोहोंतही सामग्री अस्सल होती आणि रचना नवी होती. घरी शिवणाऱ्या स्त्रीला या पहिल्या टप्प्यात नमुना म्हणजे आज्ञा वाटत नव्हती. तिला ते एक निमंत्रण होते.

४

दुसऱ्या टप्प्याचे नेतृत्व क्लारा सेम्ब (१८८४–१९७०) यांच्याकडे जाते. लोकनृत्याच्या शिक्षिका म्हणून देशभर फिरताना त्यांनी जुने कपडे पाहिले, हाताळले, आणि नव्या बूनादांतील मनःपूत रचनांविषयी त्यांचे मत प्रतिकूल झाले. जुन्या वस्त्रांत जे आढळते त्याच्याशी एकनिष्ठ राहावे, असे त्यांचे म्हणणे. १९४७ साली बूनादविषयक प्रश्नांवर सल्ला देण्यासाठी राष्ट्रीय समिती स्थापन झाली आणि तिच्या कामावर या विचाराची छाप पडली. पुढे ओगोट नोस या संशोधिकेने दऱ्यादऱ्यांतून फिरून जुनी वस्त्रे मोजली, त्यांची छायाचित्रे घेतली, आणि ती ज्यांनी प्रत्यक्ष अंगावर घातली होती अशा वृद्ध स्त्रीपुरुषांकडून वेश कसा नेसावा-बांधावा हे टिपून घेतले. बोलीभूगोलाच्या अभ्यासकाला या कार्याचे मोल निराळे सांगावयास नको. आज वाल्द्रेस भागातील फागेरनेस येथे या विषयाची स्वतंत्र संस्था आहे.

या अभ्यासातून बूनादांचे जे पाच वर्ग सिद्ध झाले ते असे : (१) जो लोकवेश वापरातून कधी गेलाच नाही, त्याची अखेरची अवस्था, (२) जो वापरातून गेला, पण ज्याची स्मृती व वस्त्रे टिकली, आणि जो पुन्हा स्वीकारला गेला, (३) जपलेल्या वस्त्रांवरून पद्धतशीरपणे पुनर्रचित केलेला, (४) अपुऱ्या सामग्रीवरून रचलेला, (५) सर्वस्वी किंवा अंशतः कल्पनेने योजलेला. गुदब्रान्सदाल भागात लोम येथील ग्राफर या शेतवाडीवरील जुन्या भरतकामाच्या घागऱ्यावरून एक सुप्रसिद्ध बूनाद तयार झाला. एका वस्त्रातून संपूर्ण पोशाख कसा उभा राहतो याचे ते उत्तम उदाहरण आहे. आज देशात चारशेहून अधिक प्रकारचे बूनाद मोजले जातात.

हे वर्गीकरण वर्णनात्मक आहे. चौथा-पाचवा वर्ग हीन आणि पहिला श्रेष्ठ, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. परंतु वर्गांना क्रमांक दिले म्हणजे वाचक त्यांची उतरंड लावतो, हा मनुष्यस्वभाव आहे. समितीला सल्ल्यापलीकडे अधिकार नव्हता. शिक्षा करण्याचा तर नव्हताच. तरीही लोकभाषेत ‘बूनाद-पोलीस’ हा शब्द निर्माण झाला. दुसऱ्याच्या पोशाखातील चुका काढीत हिंडणाऱ्या माणसाला उद्देशून तो थट्टेने वापरतात. थट्टेचा शब्द जन्माला येण्यापूर्वी त्यामागचा अनुभव पुष्कळांनी घेतलेला असावा लागतो.

५

घरी शिवणाऱ्या स्त्रियांची या प्रश्नावरील मते नियतकालिकांतील चर्चेतून, शिवणवर्गांतून आणि सार्वजनिक वादांतून प्रकट होत आली आहेत. त्यांचे स्थूलमानाने तीन पक्ष करता येतात.

पहिला पक्ष निष्ठावंतांचा. यांच्या मते नमुना हा पुरावा होय, आणि पुराव्यात फेरफार करण्याचा अधिकार कोणालाही नाही. या पक्षाला केवळ हटवादी म्हणणे अन्यायाचे होईल, कारण त्यांचे कारण प्रत्यक्ष शिवणकामातून आलेले आहे. जुन्या वेशाची कापणी हातमागाच्या अरुंद पन्ह्यावरून ठरलेली असते. घागऱ्याला किती पाट जोडावयाचे, चुण्या कोठे घट्ट व कोठे सैल घ्यावयाच्या, काखेखाली चौकोनी तुकडा का घालावयाचा, या सर्वांमागे कापड वाया जाऊ न देण्याचा हिशेब असतो. गिरणीचे रुंद कापड घेऊन, आधुनिक मापांच्या तक्त्यावर बसविलेला नमुना वापरला, तर दुरून पोशाख तसाच दिसतो, पण त्याची पडण नाहीशी होते. चालताना घागरा वेगळा हलतो. अंगी खांद्यावर वेगळी बसते. नियतकालिकाने वाचकांची सोय म्हणून वगळलेला एक जोड हा या स्त्रियांच्या दृष्टीने भाषेतून वगळलेल्या एका विभक्तिप्रत्ययासारखा असतो. तो सुटला म्हणजे त्यामागचे शहाणपणही सुटते.

दुसरा पक्ष वारसदारांचा. यांच्या पेटीत आजीचा किंवा पणजीचा घागरा असतो, आणि तो छापील नमुन्याशी जुळत नाही. काठाची पट्टी अधिक रुंद असते, एप्रनला भलत्याच रंगाची फीत लावलेली असते, किंवा अस्तर जुन्या साखरेच्या पिशवीचे असते. आता खरे काय मानावयाचे? नमुना सांगतो की ही चूक आहे. नात म्हणते की ही माझ्या आजीची आवड आहे. जुन्या वेशात एकाच गावी, एकाच घरात, श्रीमंती-गरिबी, वय, शोक, ऋतू यांप्रमाणे भेद असत; नमुना मात्र त्यांपैकी एकच रूप निवडतो. तेव्हा या पक्षाचा आक्षेप संशोधनाविरुद्ध नसून निवडीविरुद्ध आहे. एक वस्त्र ‘प्रमाण’ ठरले म्हणजे बाकीची सर्व ‘अपभ्रष्ट’ ठरतात, ही त्यांची तक्रार भाषाभ्यासकाने तरी गंभीरपणे ऐकली पाहिजे.

तिसरा पक्ष सामान्य शिवणारीचा, आणि त्याचा प्रश्न अधिक व्यवहारी आहे. चांदीच्या दागिन्यांसह संपूर्ण बूनाद विकत घ्यावयाचा म्हणजे हजारो क्रोनरचा खर्च. घरी शिवला तर पुष्कळ वाचतो. परंतु कित्येक बूनादांचे नमुने खुलेपणाने छापले जात नाहीत. ते स्थानिक संस्थेच्या किंवा विक्रेत्याच्या ताब्यात असतात, आणि तयार कापडाचा व भरतकामाच्या दोऱ्यांचा संच घेतला तरच किंवा वर्गात नाव घातले तरच हाती येतात. संस्थांची बाजू अशी की, नमुना मोकळा सोडला तर दर्जा राहत नाही, आणि स्वस्त मजुरीच्या देशांतून भरतकाम करवून आणणाऱ्या व्यापाऱ्यांना रान मोकळे मिळते. शिवणारीची बाजू अशी की, जो वेश शेतकऱ्यांच्या बायकांनी निर्माण केला, त्याच्या कापणीवर कोणा एकाची मालकी कशी असू शकेल? दोन्ही बाजूंत तथ्य आहे. आणि म्हणूनच हा वाद मिटत नाही.

६

आता मूळ प्रश्नाकडे वळू. नॉर्वे हा भाषेच्या बाबतीत विलक्षण उदार देश आहे. शक्य तेथवर मुलांना त्यांच्या स्वतःच्या बोलीत तोंडी शिक्षण द्यावे, असा निर्णय तेथील संसदेने १८७८ सालीच घेतला. न्यूनोर्स्कच्या लेखननियमांत एकाच शब्दाची पर्यायी रूपे आजही ग्राह्य आहेत. संसदेतील सभासद आपापल्या बोलीत भाषण करतात आणि त्याचे कोणाला नवल वाटत नाही. मग जो समाज बोलण्यात एवढी विविधता सहज सोसतो, तोच समाज फितीच्या रुंदीवरून भांडतो, याचे कारण काय?

माझ्या मते याचे उत्तर वापरात आहे. बोली रोज बोलली जाते. प्रत्येक बोलणारा तिचा स्वाभाविक अधिकारी असतो, व आपले बोलणे बरोबर आहे की नाही हे त्याला कोणाला विचारावे लागत नाही. पतंजलीने महाभाष्यात दाखविलेच आहे की, घट हवा असणारा कुंभाराकडे जातो, परंतु शब्द हवा असणारा व्याकरणकाराच्या दारी जात नाही. बूनादाची स्थिती उलट आहे. बहुसंख्य ठिकाणी तो वेश दैनंदिन वापरातून गेला, पुढे सणासाठी परत आला, आणि परत आला तो पुस्तकातून. म्हणून येथे शिवणारी स्त्री व्याकरणकाराच्या दारी जाते, कारण घट घडविणारा कुंभार मधल्या काळात नाहीसा झालेला असतो. सेतेसदालसारख्या ज्या दऱ्यांत वृद्ध माणसांनी विसाव्या शतकातही जुना वेश रोजच्या अंगावर ठेवला, तेथे ज्ञान हातांतून हातांत गेले, आणि तेथील शिवणारीच्या फेरफाराला ‘चूक’ न म्हणता ‘रीत’ म्हटले जाऊ शकते.

या दृष्टीने पाहता आजीचा घागरा नमुन्याबरहुकूम उसवून दुरुस्त करणारी नात ही भाषाविज्ञानातील अतिशुद्धीचे उदाहरण ठरते. अशुद्ध ठरू या भीतीने माणूस मूळचे शुद्ध रूपही बदलून टाकतो, तसाच हा प्रकार. त्यात हानी दुहेरी आहे. परंपरेचा एक अस्सल पुरावा नष्ट होतो, आणि तो ज्याच्या नावाने नष्ट झाला तो नमुना मुळात अशाच एखाद्या घागऱ्यावरून काढलेला असतो. ओगोट नोस यांच्यासारख्या संशोधिकेने आयुष्यभर जे विविध घागरे मोजले, त्यांचे सार या उसवण्याच्या अगदी विरुद्ध आहे, हे विसरता कामा नये. दोष संशोधनाचा नाही. शंभर वस्त्रांच्या नोंदीतून एक रूप निवडून तेवढेच घरोघर पोहोचविणाऱ्या छपाईच्या अर्थकारणाचा तो आहे.

येथे असा आक्षेप येईल की, प्रत्येकीने मन मानेल तसे बदलले तर वीस वर्षांत ओळखण्याजोगे काहीच उरणार नाही. आक्षेप योग्य आहे. पण मन मानेल तसे बदलणे आणि रीतीच्या मर्यादेत बदलणे यांत अंतर आहे. मर्यादा कळण्यासाठी भेद कळले पाहिजेत. आणि भेद कळण्यासाठी ते छापले गेले पाहिजेत. बोलींच्या नकाशात ज्याप्रमाणे एका शब्दाची सर्व रूपे स्थळासह नोंदविली जातात, त्याप्रमाणे नमुन्याच्या कागदावर ‘अमुक शेतवाडीवर काठ एवढा, तमुक घरी तेवढा, अमुक साली ही फीत’ असे लिहिले, तर निष्ठावंताला पुरावा मिळेल, वारसदाराला आपली आजी त्यात सापडेल, आणि सामान्य शिवणारीला निवड करण्याचे कारण हाती येईल. वाद यानेही संपणार नाही. पण तो अधिकारावरून ज्ञानावर येईल.

७

वेशाचा अधिकार कोणाचा हा प्रश्न दिसतो तेवढा किरकोळ नाही. जर्मनांच्या ताब्यातील वर्षांत (१९४०–४५) सत्तेला मिळालेल्या ‘नास्योनाल साम्लिंग’ पक्षानेही लोकवेशाचा प्रचारासाठी उपयोग केला, आणि त्याच काळात सामान्य लोकांनाही तो स्वत्वाचे चिन्ह वाटत होता. २०१९ साली क्रिस्टियानसुन येथील प्रसूतिविभाग बंद होण्याच्या बेतात असताना तेथील स्त्रिया बूनाद घालून निषेधासाठी रस्त्यावर आल्या. ‘बूनाद-गनिमी सेना’ या नावाने ती चळवळ देशभर ओळखली गेली. सणाचा वेश त्यांनी तक्रारीचा वेश केला, आणि त्यासाठी कोणत्याही समितीची अनुमती घेतली नाही. २०२४ साली युनेस्कोने नॉर्वेतील ही वेशपरंपरा मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. नोंद झाली ती वस्त्रांची नव्हे. ती करण्याच्या कौशल्याची व वापरण्याच्या रीतीची झाली, हे विशेष लक्षात घेतले पाहिजे. कौशल्य आणि रीत संग्रहालयात राहत नाहीत. त्या शिवणाऱ्यांच्या हातांत राहतात.

आरंभी म्हटल्याप्रमाणे ‘बूनाद’ आणि ‘होणे’ यांचे मूळ एक आहे. व्युत्पत्तीवरून सिद्धान्त काढू नये, हे आम्ही विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो, आणि येथेही तो काढावयाचा नाही. वरील इतिहासावरून एवढे मात्र निश्चित म्हणता येईल की, हा वेश १९०३ मध्ये, १९४७ मध्ये आणि २०१९ मध्ये प्रत्येक वेळी नव्याने ‘झाला’, आणि प्रत्येक वेळी तो कोणा तरी स्त्रीने आपल्या घरी, दिव्याशी बसून, टाका टाका करून शिवावा लागला. नमुना छापणाऱ्याने, समितीने व संशोधकाने तिला माहिती द्यावी, ती सर्व द्यावी, भेदांसह द्यावी. शेवटचा टाका कोठे घालावयाचा हे तिला ठरवू द्यावे. ओसेनने ज्या शेतकरी स्त्रीपुरुषांच्या तोंडून शब्द टिपले, त्यांना त्याने बोलावयास शिकविले नव्हते. तो त्यांच्याकडून शिकला होता. वेशाच्या अभ्यासकाला याहून वेगळी शिस्त नाही.